हिराकाकूंच्या आंब्यावरचे डाग

१२ जानेवारी
कॉलेज सुटल्यावर थेट महापे. गुडघा दुखतोय, तरी गेले. हिराकाकूंच्या मागच्या अंगणातल्या आंब्यावरचे सगळे डाग मोजले. सात नंबरचा वर्षात जेमतेम एक मि.मी. पसरलाय. बाकीचे होते तेवढेच. सहा वर्षं या करड्या-पांढऱ्या पापुद्र्यांच्या मागे आहे आणि अजून जातीचं नावसुद्धा नक्की नाही. पीएच.डी.ची मुदतवाढ जूनमध्ये संपते.
काकूंनी चहा दिला. काहीतरी बोलायचं होतं त्यांना असं वाटलं.

१५ जानेवारी
काकूंच्या मुलाचा, नीलेशचा फोन. घर पाडून चार मजली बांधायचंय, आंबा मध्ये येतो. तोडायची परवानगी अडकलीये. मंगळवारी पाहणीला महापालिकेच्या उद्यान खात्याचे साहेब येणार. म्हणाला, खोडभर पांढरं कोड उठलंय, झाड रोगट आहे, एवढं तुमच्या सहीने लिहून द्या. कॉलेजच्या मॅडमचं मानतील ते.
बघते म्हटलं. बघते काय म्हटलं मी?

१६ जानेवारी
मुलांच्या जर्नल्सचा गठ्ठा घरी आणला, चार तपासल्या. डोक्यात तेच. रोग नाहीच तो. लायकेन आहे. बुरशी आणि शेवाळ मिळून राहतात, झाडाचं काही खात नाहीत, सालीला नुसते धरून असतात. उलट महाप्याच्या या कारखान्यांच्या धुरात टिकलेत हेच नवल. सहा वर्षं तेच तर लिहितेय.
दुसरीकडे, गेल्या पावसाळ्यात त्याच घराच्या स्लॅबचा तुकडा काकूंच्या नातीवर पडला. कपाळाला पाच टाके. पाहिलीये मी तिला.
गाइड सरांना फोन केला. म्हणाले, सहीबिही करू नका. पण झाड जाणारच असेल तर सालीसकट तुकडे काढून ठेवा, नाव ठरवायला लागतील. आंब्याबद्दल एवढंच. थकलेत तेही.

१८ जानेवारी, रवि.
गेले. नीलेश नव्हता, बरं झालं. काकू ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. सांगून टाकलं, हा रोग नाही, मला तसं लिहिता येणार नाही.
हातातली शेंग सोलून टाकली. मग म्हणाल्या, "सा वरसं तुमी येताव. आमी कदी काय मांगलं नाय."
"नाही मागितलं, काकू."
"सासऱ्यानं लावलेला हाय तो. मना काय हौस हाय का आंबा तोराची? पन पोरीच्या कपालाकडं बघून झोप येत नाय."
म्हटलं, घर धोक्याचं आहे ते खरं आहे, ते लिहून देते. म्हणाल्या, घराचं तुमचं कोन मानतंय, तुमी झाराच्या मॅडम.
खरंच आहे. चहाचं त्यांनी विचारलं नाही. मीही थांबले नाही.

२० जानेवारी
अर्धी रजा टाकून पाहणीला गेले. कुणी बोलावलं नव्हतं. साहेबांनी डाग नखाने खरवडून पाहिला (सात नंबर!) आणि मलाच विचारलं, "कीड आहे का हो ही?"
नीलेश माझ्याकडे बघत होता.
"नाही," म्हटलं. "झाड चांगलं आहे. घर चांगलं नाही. आतला स्लॅब एकदा बघा."
ते आमच्याकडे येत नाही म्हणाले, पण आत जाऊन आले. कागदावर काय लिहिलं ते दिसलं नाही. नीलेश बाइक काढून निघून गेला. काकू दारातच उभ्या.
बसमध्ये वाटलं रडू येईल. झोप आली. माझं कोपरखैरणे मागे गेलं, वाशीला उतरले.

२४ जानेवारी
कुणाचाच फोन नाही. प्रबंधाची फाइल उघडली, बंद केली. खोटं बोलले नाही एवढं खरं. पण त्याने बरं वाटेल असं वाटलं होतं, ते...

२ फेब्रुवारी
संध्याकाळी काकूंचा फोन. परवानगीचं अजून काही कळलं नाही. नीलेश माझं नाव काढू देत नाही, तेही त्यांनीच सरळ सांगितलं. नात शाळेत जातेय. मग मध्येच विचारलं, "तुमचं ते, दुसऱ्या झारावर नेता येत नाय का?"
म्हटलं, सालीसकट काढून चिकटवून बघतात काहीजण. बहुतेक जगत नाही.
"बहुतेक ना?"
त्या म्हणाल्या, पलीकडे बंद कंपनीच्या आवारात जुना आंबा हाय, सावलीतला, वॉचमन ओलखीचा हाय. रविवारी दोघींनी बघून यायचं ठरलंय. नीलेशला सांगायचं नाही म्हणाल्या.
तो प्लॉट आता कुणी घेतलाय, तिथे काय होणार, विचारलं. त्यांना माहीत नाही.