खुंटीवरची टोपी

शुक्रवार, संध्याकाळ. ॲथलोन.

आज आईबरोबर एक जुना फिनिश विनोदी सिनेमा पाहिला. शेवटी नवरा बायकोशी भांडून घर सोडतो, पण टोपी खुंटीवरच राहते. मी लगेच भाषण ठोकलं: माणूस स्वतंत्र झाला, टोपीबरोबर गुलामीही टाकून गेला!

"सभा संपली का रे?" मटार सोलता सोलता आई म्हणाली. "तो परत येणार आहे. म्हणून तर बायको टोपीकडे बघून हसते."

"अगं, खाली इंग्रजीत लिहिलंय, 'मी जातो'."

"लिहिणाऱ्याला काय कळतंय! घरातून निघताना 'येतो' म्हणतात."

फिनलंडमध्ये कोण म्हणणार 'येतो'? हसलो खरा, पण ती टोपी डोक्यातून जाईना.

परवा आई इथून नागपूरला परत चाललीये. तिचे गुडघे असे, पुन्हा एवढा प्रवास जमेल? मी विचारलेलं नाही, तीही बोललेली नाही. मघाशी बॅग भरताना दारामागे तिची लोकरीची टोपी दिसली.

"आई, ही राहिली."

"राहू दे खुंटीवर. विमानतळावर मला 'येते' म्हणायचंय ना?"

मी बॅगेची चेन लावून टाकली. टोपी होती तिथेच आहे.