मज्जा म्हणजे कणा नव्हे

प्रिय विनू,

तू गेल्यापासून आठ वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितेय, कारण काल मी पुन्हा तेवढीच मोठी चूक केली. तेव्हा घाबरवून केली होती. या वेळी आशा दाखवून, भरल्या सभागृहात, टाळ्यांच्या कडकडाटात!

वर्तकनगरच्या व्याख्यानमालेत ताज्या बातमीवर बोलले. परदेशात मानवी भ्रूणातल्या मूळपेशी पहिल्यांदाच प्रयोगशाळेत वाढवल्यात. तुझी ताई कशी बोलते, तुला ठाऊकच आहे. "हीच पेशी हृदय होईल, हाड होईल, रक्त होईल!"

आज सकाळी तळमजल्यावरचे सावंत दारात उभे. त्यांच्या धाकट्या कविताला तुझाच आजार, रक्ताचा कर्करोग. मोठ्या सुनीताची मज्जा तिला जुळलीय. ती काढून कविताला द्यायला सोमवारी दोघींना दाखल करायचं ठरलं होतं.

"रद्द करतोय बाई," सावंत म्हणाले. "तुम्हीच बोललात ना, गर्भातल्या पेशीपासून सगळं बनतं? मग थांबू की. सुनीताचं लग्न जमलंय. पाठीला भोकं पाडलेली पोरगी कोण करून घेणार?"

"अहो, पाठीला नाही..." मी म्हणेपर्यंत ते जिना उतरलेसुद्धा.

पाठीला! विनू, मानपाड्याच्या आपल्या दोन खोल्यांत हेच झालं होतं ना? डॉक्टर म्हणाले, बहिणीची, म्हणजे माझी, मज्जा जुळतेय. आणि घरातली शिकलेली मी शब्दकोश उघडून बसले. मज्जा, मज्जातंतू, मज्जारज्जू! आईला ठासून सांगितलं, "कण्यातून काढतात."

आई रडायला लागली. "एकाला उठवायला दुसरीला लुळी पाडू?"

तू कॉटवरून हसलास. "अगं ताई, एवढ्या सभा गाजवतेस नि सुईला घाबरतेस?"

का हसलास रे? ओरडायचं होतंस माझ्यावर! "आधी डॉक्टरांना विचार," एवढं तरी म्हणायचं होतंस!

तीन महिन्यांनी विचारलं. डॉक्टरांनी कमरेच्या हाडावर बोट टेकवलं. "इथून, भूल देऊन. मज्जारज्जूचा संबंधच नाही. काढलेली मज्जा काही आठवड्यांत भरून येते." तोवर तो उपचार सोसण्याची ताकद तुझ्यात उरली नव्हती.

काल सभेत जे सांगायला हवं होतं, ते आता तुला सांगते. भ्रूण काही दिवसांचा असतो तेव्हा त्याच्या पेशीने काय व्हायचं ते ठरवलेलं नसतं. म्हणून ती काहीही होऊ शकते. पण तिला हवं तसं वळण कसं लावायचं, हे आज कुणालाच नीट येत नाही. मोकाट वाढली तर गाठ व्हायची. शिवाय ती मिळवताना तो भ्रूण संपतो, हा प्रश्न वेगळाच. तिने आजवर एकही रुग्ण बरा केलेला नाही.

मोठ्या माणसाच्या मज्जेतली मूळपेशी तशी अष्टपैलू नाही. ती रक्तच घडवते. पण रक्त घडवणं तिला येतं, आज येतं! जुळणाऱ्या भावंडाकडून ती घेऊन माणसं वाचलीत. सगळी नाही, पण वाचलीत. कविताला उद्याची अष्टपैलू पेशी काय कामाची? तिचा आजार तोवर थांबणार आहे का?

हे पत्र संपलं की मी खाली जातेय. भाषण ठोकणार नाही. आधी सुनीताशी बोलेन, कारण हाड तिचं आहे आणि तिला कुणी विचारलेलंच दिसत नाही. मग सावंतांना म्हणेन, "मी चुकले. शंका असेल तर आत्ता डॉक्टरांकडे चला, मी येते."

आणि तिथून डोंबिवलीला, आईकडे. आई अजून शेजारणींना सांगते, "माझ्या विनूच्या आड मीच आले." मी आठ वर्षं गप्प बसून ते ऐकत आलेय. विनू, तुला शब्द देते, आज तिला सांगेन की ती भीती तिच्या मनात मी घातली होती.

तुझी,
बोलायला उशीर केलेली ताई