मॅग्नेटोचं झाकण

५ सप्टेंबर १९५९
आजपासून रोजनिशी. ही वही दुसऱ्या कुणाला दाखवायची नाही. तेव्हा यात सगळं खरं लिहायचं, असा संकल्प.

विमानाची स्थिती. जागा: चिंचपोकळी, अप्पांच्या वर्कशॉपमागची पत्र्याची शेड. इंजिन: लढाईच्या भंगारातलं, चार सिलिंडर, चोरबाजारातून. सांगाडा: देवदार. पंखांवर आमच्याच मिलचा मांजरपाट. इंग्रजी पुस्तकात लिहिलंय की कापड ताणायला डोप नावाचं वार्निश मारावं. ते इथे मिळत नाही. मी सायझिंग खात्यातला जॉबर, म्हणजे मुकादम, अठरा वर्षं सुताला खळ लावतोय. खळीचे दोन हात दिले. कापड ताशासारखं वाजतं. एवढी साधी गोष्ट इंग्रजांना सुचली नाही.

स्टाफ. चीफ डिझायनर: मी. मदतनीस: कोंडीराम, वरळीच्या बीडीडी चाळीतला, आमच्याच मिलमध्ये बदली वायरमन. महिन्याला जेमतेम दहा दिवस काम लागतं, म्हणून बिचाऱ्याला वेळ असतो. वायरिंग, इंजिन, कार्ब्युरेटर आणि केबली तो बघतो. बाकीचं सगळं मी.

१३ सप्टेंबर
पुस्तक वाचायला घेतलं. पहिली सात पानं फाटलेली आहेत. उड्डाण आठव्या पानावर सुरू होतं. उतरण्याचं प्रकरण शेवटी आहे, ते नंतर.

कालिंदीला म्हटलं, तुला पहिल्या फेरीत घेऊन जाईन. ती म्हणाली, उडला तर हाक मारा, माका भाकऱ्यो थापूच्यो आसत. बायकोच्या डोक्यात भाकरीपलीकडे काही शिरत नाही. (भाकऱ्या बऱ्या झाल्या होत्या.)

४ ऑक्टोबर
इंजिन चाललं! पूर्ण एक मिनिट! शेडचे पत्रे थरथरले, शेजारच्या राधाबाईंच्या मांडणीवरून पितळी डबा पडला.

गेले तीन आठवडे नुसती फडफड व्हायची. कोंडीराम म्हणाला, मॅग्नेटोत दोष आहे. मॅग्नेटो म्हणजे इंजिनाची ठिणगी जिथे तयार होते तो डबा. आत दोन बारीक टोकं असतात, ती मिटतात आणि उघडतात. त्यांच्यातली फट केसाएवढी. कोंडीरामकडे फट मोजायची पोलादी पट्टी आहे, गेज. दिवसभर डोळे बारीक करून त्याने ती फट बसवली, चार स्क्रू आवळले आणि मला म्हणाला, भाऊ, आता काही झालं तरी हे झाकण उघडू नका.

मी त्याच्या पाठीवर थाप मारली. माझ्या मार्गदर्शनाखाली पोरगा तयार होतोय.

अप्पा जातीने बघायला आले. त्यांना वर्कशॉपसाठी कायम वायरमन हवाच आहे. सगळ्यांसमोर म्हणाले, दसऱ्याला चारचौघांत इंजिन सुरू करून दाखव कोंडीराम, दिवाळीपासून तू इथला. कोंडीराम नुसता हात पुसत राहिला, पुसून झाल्यावरही.

खंडेनवमी
यंत्रांची पूजा. तिन्ही लेथना हार, झेंडूची तोरणं. कोंडीरामला थांब म्हटलं. तो म्हणाला, भाऊ, आम्ही तीन वर्षांपूर्वी हे सगळं सोडलं. उद्या वरळीला आमचा धम्माचा कार्यक्रम आहे, इंजिन माझ्या वतीने तुम्हीच सुरू करा. तुम्ही खुशाल हार घाला, नारळ फोडा. झाकण तेवढं उघडू नका. सायकलवर बसून गेला.

सायंकाळी ७. पूजा यथासांग. सगळे हळदकुंकू वरवर लावतात, पत्र्यावर. मी विचार केला, ठिणगी जिथे जन्मते तिथे पूजा पोचायला हवी. मॅग्नेटोचं झाकण जरासं काढलं, हळदकुंकू वाहिलं, चार अक्षता टाकल्या, झाकण लावलं. दोन मिनिटांचं काम. असा विचार अख्ख्या गिरणगावात कुणी केला नसेल.

दसरा
इंजिन सुरू झालं नाही.

चाळ लोटली होती. अप्पा सदरा-टोपी घालून खुर्चीवर. मी इंजिनाचा पुढचा पंखा हाताने अठ्ठावीस वेळा फिरवला. खांदा निखळायचा बाकी होता. पोरांनी आकडा मोजायला सुरुवात केली, मोठ्याने. पंधरापर्यंत बरं वाटत होतं.

राधाबाई म्हणाल्या, यंत्र रुसलं. पूजेला ज्याने हात जोडले नाहीत त्याचाच हात सगळीकडे लागलेला. अप्पांनी मान डोलावली.

मी शास्त्रीय विचारांचा माणूस. असल्या गोष्टी मला पटत नाहीत. पण त्या वेळी तोंडात पेढा होता, म्हणून बोललो नाही.

दसऱ्याचा दुसरा दिवस
कोंडीराम आला. ठिणगीच पडत नाही, म्हणाला. मग मॅग्नेटोकडे बराच वेळ बघत बसला आणि विचारलं, भाऊ, झाकण उघडलं होतं का?

मी नाही म्हटलं.

हे खोटं नव्हे. उघडलं म्हणजे पूर्ण उघडलं. मी जरासंच काढलं होतं.

२२ नोव्हेंबर
दिवाळी गेली. इंजिन मुकं ते मुकंच. तपासलेल्या गोष्टी: प्लग चार, बदलले. पेट्रोलची नळी, फुंकली. कार्ब्युरेटर तीनदा खोलला. स्विच बदलला. स्विचपासून मॅग्नेटोला जाणारी वायर कुठे सांगाड्याला टेकली तर ठिणगी मरते, म्हणून कोंडीरामने ती वीत वीत तपासली. उत्तम आहे.

त्याने पुन्हा विचारलं, झाकण नक्की उघडलं नव्हतं ना? तुमचा शब्द असेल तर मी तिथे हात लावत नाही.

मी म्हटलं, एकदा सांगितलं ना रे! फार संशयी स्वभाव. इतका संशय घेऊन माणूस पुढे येणार कसा?

१६ डिसेंबर
पंखांना भोकं. झुरळं! खळ म्हणजे शेवटी मैदाच. एका रात्रीत चार ठिकाणी खाल्लं. कोंडीरामने आधी सांगितलं होतं. मी म्हटलं, भोकांतून हवा खेळती राहते, वजन हलकं होतं. राधाबाईंनी डांबराच्या गोळ्या दिल्या. विमानाला आता लुगड्याच्या पेटीचा वास येतो.

१० जानेवारी १९६०
वाईट दिवस. माझ्यासाठी.

अप्पांनी सर्वांसमोर विचारलं, विमान का अडलंय ते एकदा सांगून टाका. मी चीफ डिझायनर, उत्तर देणं भाग होतं. मी म्हटलं, वायरिंग. अप्पा म्हणाले, म्हणजे कोंडीराम. मी म्हटलं, वायरिंग.

कोंडीराम शांतपणे म्हणाला, भाऊ, शेवटचं विचारतो. झाकण उघडलं होतं का?

मी आईची शपथ घेतली. आई सत्तेचाळीस साली गेली, त्यामुळे तिला काही धोका नाही.

मग सिद्ध करायला म्हणून मी त्याची सगळी वायरिंग उपटली. वीतभर अंतरावर मेणाच्या दोऱ्याने बांधलेली, देवळातल्या माळेसारखी नीट. दीड महिना लागला होता त्याला. मला वीस मिनिटं.

कोंडीरामने हत्यारं गोळा केली. गेज तेवढी बाकावर ठेवली. म्हणाला, लागेल तुम्हाला. गेला. अप्पा म्हणाले, बरं झालं, मी दुसरा वायरमन बघतो. मी म्हटलं, इतकी घाई नको. (हळू म्हटलं. ऐकू गेलं नसावं.)

२१ फेब्रुवारी
नवी वायरिंग मी स्वतः केली. स्विच लावला की शेपटीवरचा दिवा लागतो. स्विच बंद केला की मला शॉक बसतो. प्रगती आहे.

२० मार्च
कोंडीरामची बायको शेवंती रेशनच्या रांगेत दिसली. मी पुढे जाऊन बोलणार होतो, पण चपलेचा अंगठा तुटला. निदान तुटल्यासारखा वाटला. खाली वाकून बघेपर्यंत ती निघून गेली होती.

कालिंदी म्हणाली, कोंडीरामाक मिलमधी महिन्याचे चार दिवसच गावतत हल्ली. मी म्हटलं, मंदी आहे.

१७ एप्रिल
एक मेला आपलं राज्य होणार! छप्पन साली याच रस्त्यावरून पळताना माझ्या पायाला लागलं होतं. (लाठी नव्हे, हातगाडी. पण पळत होतो मोर्च्यातच.) चाळीच्या समितीच्या बैठकीत भावना अनावर झाल्या आणि मी जाहीर करून टाकलं: एक मेला माझं विमान शिवाजी पार्कवर झेंडू उधळेल. टाळ्या. अप्पांनी मिठी मारली. म्हणाले, तो वायरिंगवाला गेला आणि तुम्ही मोकळे झालात.

पेढा नव्हता तोंडात. तरी गप्प बसलो.

२९ एप्रिल, दुपार
सगळं बदलून झालं. उरलं ते एकच. जो भाग मी गेले सहा महिने बघितलाच नाही. झाकणाचे चार स्क्रू काढले. 

आत एक तांदळाचा दाणा. अख्खा. कुंकवाने लाल. दोन टोकांच्या बरोबर मधे अडकलेला. त्यामुळे टोकं मिटतच नव्हती आणि ठिणगी पडत नव्हती.

कोंडीरामच्या गेजने तो काढला. फट पुन्हा बसवावीही लागली नाही. त्याने बसवलेली तशीच होती.

सायंकाळी ५. एका फटक्यात इंजिन सुरू. असा वारा सुटला की झुरळांनी खाल्लेलं कापड पंखांवरून चिंध्या होऊन उडालं आणि राधाबाईंच्या वाळवणाच्या पापडांवर जाऊन बसलं. उड्डाण तांत्रिक कारणास्तव पुढे ढकललं. पण इंजिन चाललं! सगळे नाचले. अप्पा म्हणाले, पाहिलंत, यंत्राला हात कळतो.

दाणा काड्यापेटीत ठेवून खिशात घातला. रात्री जेवण गेलं नाही. लाज वाटते. हे एवढं एकच वाक्य या वहीत सुरुवातीपासून लिहायला हवं होतं.

३० एप्रिल
वरळीला गेलो. गेज परत द्यायचं निमित्त. शेवंतीने दार उघडलं, बसा म्हणाली, चहा टाकला. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. कोंडीराम घरातच होता. कामाच्या दिवशी. बदली लागली नव्हती.

गेज हातात घेऊन म्हणाला, सापडलं का?

मी म्हटलं, काय?

तो म्हणाला, स्क्रूच्या खाचेत हळद होती भाऊ. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी दिसली मला.

 मग तूच का नाही उघडलंस रे, असं मी विचारलं. तो म्हणाला, मी उघडलं असतं आणि आतून अक्षता निघाल्या असत्या, तर अप्पा काय म्हणाले असते? यानेच टाकल्या, पूजा बाटवली. एकीकडे तुमचं ‘नाही’, दुसरीकडे माझा शब्द. कुणाचा धरला असता? म्हणून वाट बघितली. तीनदा विचारलं.

मी म्हटलं, माझं चुकलं कोंडीराम.  तो म्हणाला, मला सांगून काय उपयोग, मला माहीतच होतं. अप्पांना सांगा. त्यांनी वायरमन अजून नेमलेला नाही.

चहात साखर जास्त होती. पाहुण्याला घालतात तशी.

संकल्प: उद्या सर्वांसमोर, काड्यापेटी उघडून, सगळं सांगायचं.

१ मे १९६०
महाराष्ट्र राज्य झालं.

अंगणात इंजिन सुरू केलं, पंख्यापुढे झेंडूच्या टोपल्या ओतल्या, फुलं सगळ्या गर्दीवर उडाली. फार सुंदर दिसलं. अप्पांनी मला हार घातला. कोंडीराम आणि शेवंती अगदी मागे, नळापाशी उभी होती.

मी खोक्यावर चढलो. काड्यापेटी हातात. म्हणालो, अप्पा, कोंडीरामची वायरिंग बरोबर होती, झाकण मी उघडलं होतं. शब्द न् शब्द असाच म्हणालो. पण इंजिन चालू होतं, त्यात बँड आणि घोषणा. कुणाला काही ऐकू गेलं नाही. अप्पांनी कानाला हात लावला आणि ओरडले, कोण? कोंडीराम? जाऊ दे हो, आजच्या शुभदिवशी त्याचं नाव कशाला! सोमवारपासून माझा भाचा येतोय वायरमन म्हणून.

इंजिन बंद करायचा स्विच माझ्या हातापासून वीतभर होता.

मी मान डोलावली.

मागे बघितलं तेव्हा नळापाशी कुणी नव्हतं.

एक लिहून ठेवतो: मी सांगितलं होतं. आवाज फार होता.

३ मे
कालिंदीने सदरा धुवायला घेतला, खिशात काड्यापेटी सापडली. हो दाणो कसलो, विचारलं. मी म्हटलं, दसऱ्याच्या पूजेचा, प्रसाद.

तिने तो उचलून देव्हाऱ्यात ठेवला. बाळकृष्णाच्या पुढ्यात, चांदीच्या वाटीत.

आता रोज आंघोळ झाली की त्याच्यासमोर उभं राहावं लागतं. हात जोडतो. डोळे मिटूनच घेतो.