चपला खाली, माणूस आत

सोमवार, ७ ऑक्टोबर १९९१

माझ्या हडकुळेपणाला आज जन्मात पहिल्यांदा किंमत आली. शाळेत मी काडीपैलवान होतो. लग्नात सासुरवाडीच्या बायका म्हणाल्या होत्या, जावई आणलाय की उदबत्ती. आज मात्र बिबवेवाडीत जब्बारचाचांनी माझे खांदे वितीने मोजले आणि उद्यापासून या म्हणाले. शिक्षण नाही, अनुभव नाही, काही विचारलं नाही. कारखाना बंद पडल्यापासून इतकी सोपी मुलाखत मी दिली नव्हती.

चाचांची शेड बसच्या बॉड्या बांधायची आहे, पण सध्या मधोमध ठोकळ्यांवर एक जुनी लाकडी शिडाची होडी उभी आहे. 'मुक्ता' तिचं नाव. श्यामसुंदर नावाच्या निवृत्त प्राध्यापकांनी ती मुंबईहून ट्रकवर घालून आणली. पाडव्याला खडकवासल्यात सोडणार म्हणतात. पुण्याला समुद्र नाही हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही.

वासंती बाळंतपणाला मांजरी गावी माहेरी गेली आहे. जाताना ही वही देऊन गेली, रोजचं लिहा, आल्यावर वाचीन म्हणाली. म्हणून हा उद्योग. घर फार रिकामं वाटतं. माझ्या कोल्हापुरी चपलांची करकर गल्लीच्या तोंडाशी ऐकू आली की ती मी दार वाजवायच्या आत कडी काढते. आज मीच कुलूप काढलं.

बुधवार, ९ ऑक्टोबर

होडीचं पोट म्हणजे चाळीतल्या माळ्यापेक्षा वाईट. मागच्या बैठकीची फळी उचलली की खाली एक भोक आहे, तिथून सरपटत शेपटाकडे जायचं. सुकाणू धरून ठेवणारे सगळे बोल्ट तिथे गंजलेत. उजवा हात पुढे, डावा मांडीला चिकटलेला, श्वास सोडून छाती आत ओढायची आणि मग सरकायचं. पान्याला सुतळी बांधून ती मनगटात अडकवायची, कारण सुटला तर तळात जातो आणि तिथे हात पोचत नाही. नट बोटाला चिकटावा म्हणून त्याला ग्रीस लावायचं. एक बोल्ट बदलायला अर्धा दिवस गेला. बाहेर आलो तेव्हा कोपर सोलवटलं होतं, पण मजा आली.

चाचांचा एक नियम आहे. आत जाणाऱ्याने चपला शिडीखालच्या विटेवर ठेवायच्या. खाली चपला असल्या तर माणूस आत आहे, मग फळीही बसवायची नाही आणि शेडही बंद करायची नाही. एकदा एका बसच्या टपात माणूस कोंडला होता, तेव्हापासूनचा हा नियम. मला पटला.

फक्त त्या विटेवर आधीच एक जोड आहे. टायरच्या चपला, पट्टे बुरसटलेले. माझ्या आधी सोनबा नावाचा माणूस हे काम करायचा, त्याच्या. एका दुपारी तो न सांगता निघून गेला. चाचांनी बॅटरी लावून आत पाहिलं, कोणी नव्हतं. गावी गेला असेल म्हणतात. अनवाणी? असं मी विचारलं तेव्हा चाचा बिडी पेटवायला लागले.

शनिवार, १२ ऑक्टोबर

आत एकटा असलो की मी बडबडतो. आज वासंतीचं सगळं पुराण होडीला सांगून झालं. डोहाळे, मांजरीचं घर, उसाच्या कडेची वाट, ती करकर ऐकून दार उघडते ते. ऐकणारं कोणी नाही म्हटल्यावर माणूस मोकळं बोलतो. मुलगी झाली तर काय नाव ठेवायचं तेही बोलून टाकलं.

मधूनमधून आतून टकटक ऐकू येते. चाचांना सांगितलं तर ते म्हणाले, "लाकूड बोलतं. पाण्यातलं लाकूड वाळायला लागलं की बोलतंच." मला पटलं.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवतो. आज एक नट निसटून तळात पडला. मी सवयीने हात खाली घातला, पोचणार नाही हे माहीत असून. तळहात उघडा होता. नट त्यात आला. पडला नाही, कुणीतरी ठेवावा तसा अलगद आला.

मी बाहेर येऊन चहा प्यायलो. वर कुठेतरी अडकला असेल आणि सुटला असेल. असंच असणार.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

आज दुसऱ्याच्या चपला टाकल्या. उद्या प्राध्यापकसाहेब होडी बघायला येणार, म्हणून मी शेड झाडली आणि त्या बुरसटलेल्या चपला कचऱ्याच्या गाडीत भिरकावल्या. खरं सांगायचं तर त्या जवळ असल्या की मला आत जावंसं वाटायचं नाही.

चाचांना कळलं तेव्हा ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "कुणाला विचारून टाकल्यात? मला तरी त्या कुठे हव्या होत्या? पण बाहेर येणाऱ्याला पायात घालायला काही नको का?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

बुधवार, १६ ऑक्टोबर

टकटक थांबली. आत इतकी शांतता की माझाच श्वास मोठा वाटतो. आज बडबडलो नाही.

बाहेर आलो तर विटेवर माझ्या चपला उलट्या दिशेला. मी नेहमी होडीकडे तोंड करून ठेवतो. आता अंगठे दाराकडे, कुणी निघताना घालायच्या तशा. प्राध्यापकांना विचारलं, चाचांना विचारलं. कोणीच हात लावलेला नाही.

पट्टे ओलसर होते. हाताला ग्रीस लागलं.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

परत तसंच. आज एक चप्पल विटेवर, दुसरी खाली जमिनीवर. चालायला सुरुवात केल्यासारखी.

चाचांना म्हटलं, मला हे काम नको. ते म्हणाले, एकच बोल्ट राहिलाय, उद्या तो आवळा. नमाजाहून आलो की चपला बघून मी फळी स्क्रूने बंद करतो, रंगारी येणार आहे. मग तुम्ही मोकळे, जा मांजरीला.

एकच बोल्ट. वासंतीला निरोप धाडलाय, उद्या येतो म्हणून. भीती वाटते, हे तिला सांगणार नाही. इथे लिहितो म्हणजे वाचेलच म्हणा.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

आत आहे. मापं लिहायला वही खिशात आणली होती. पेन्सिल आहे. बॅटरी पिवळी पडत चालली आहे.

बोल्ट आवळला. मागे सरकायला लागलो आणि पुढून, शेपटाच्या टोकाकडून, जिथे हातही मावत नाही तिथून काहीतरी सरकत आलं. माझ्या अंगावरून गेलं. पोटावरून, मांडीवरून. गार. ग्रीसचा वास. घाईत नव्हतं.

आता मला हलता येत नाही. फळ्या छातीला लागल्यात. श्वास सोडला की त्या तेवढ्याच जवळ येतात.

शिडीवर पाय वाजले. उतरले.

मग करकर. माझ्या चपलांची करकर —
दारापर्यंत. बाहेर.

*

चाचा आलेत. आवाज ओळखतो. बरोबर रंगारी आहे.

चाचा म्हणाले, विटेवर चपला नाहीत. गेला वाटतं. बायकोकडे जायची घाई.

ओरडलो. ओरडायला छाती फुगावी लागते. तोंडातून नुसता वारा.

फळी बसवतायत. स्क्रू एकेक —

पाना आपटतो आहे. टक टक. टक टक. चाचा, ऐका —

रंगारी थांबला. आत काहीतरी वाजतंय म्हणाला.

चाचांनी बिडीसाठी काडी ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाले, लाकूड बोलतं.

*

रंगाचा वास. टक टक केलं. कोणी नाही.

त्याला सगळं माहीत आहे. मीच सांगितलं. मांजरी, उसाची वाट, घर —

आता पोचला असेल. दिवे लागले असतील. ती वाट बघत असेल, मी निरोप धाडला होता —

वासंती, करकर ऐकू आली तरी उठू नकोस. मी नाही तो. कडी काढू न—