शेवट कोणी फोडला

४ मार्च, असाबा, नायजेरिया

आजही कुणाला पूर्ण गोष्ट दिली नाही. देणारही नाही! सकाळची प्रार्थना झाली, की ज्याला त्याला त्याच्यापुरते संवाद तोंडी सांगायचे — बस. सिनेमे व्हिडिओ कॅसेटवर निघायचे, त्या काळात असंच चालायचं. चोरी तेव्हाही व्हायची, पण कॅसेट बाजारात आल्यावर. निदान सिनेमा तरी आधी पुरा व्हायचा! आता इकडे आपलं शूटिंग चालू, तिकडे आपलीच गोष्ट यूट्यूबवर. आठवड्याच्या आत सिनेमा उरकतात लेकाचे.

नव्या पोरी मला ओगा, म्हणजे साहेब, म्हणतात. विचारतात, ओगा, शेवट काय? म्हटलं, कळेल.

५ मार्च

धाकटा भाऊ केने गावात आलाय. पलीकडच्या गल्लीत बंगला घेऊन शूटिंग करतोय. गोष्ट काय? विधवा, आणि तिचं घर बळकावायला आलेले दीर. माझीच की! आम्ही दोघं मिळून कॅसेट काढायचो. तो धंदा बसला तेव्हा भांडलो, त्यानंतर बोलणं नाही. म्हणजे माझ्या इथलंच कुणीतरी त्याला गोष्ट पुरवतंय.

आंटी उझोमा माझ्याकडे विधवेचं काम करते. रोज दुपारी "दुसरीकडे एक सीन आहे" म्हणून सटकते. कॅमेऱ्यावरचा तोची सारखा फोनवर कुजबुजतो. दोघांवरही माझा डोळा आहे.

६ मार्च

युक्ती केली. उझोमाला एकटीला गाठून सांगितलं, शेवटी विधवा घर पेटवते. तोचीला सांगितलं, ती मरते. खरा शेवट माझ्या डोक्यात. बायकोलाही सांगितलेला नाही.

७ मार्च

सगळा घोटाळा. तोचीने न विचारता सुताराकडून भाड्याची शवपेटी आणून ठेवली! उझोमा खवळली. "मी मरणार, आणि मलाच पत्ता नाही? पेटीत झोपवायचं तर आधी पास्टर बोलवा. आणि उठल्यावर मी सगळ्यांसमोर मोठ्यानं हसणार, तेही कॅमेऱ्यात घ्यायचं. मरण अंगाला चिकटवून मी घरी जाणार नाही."

तिला शांत करता करता दुपार गेली. पेटी परत पाठवली. मग शेजाऱ्याचा जनरेटर सुरू झाला. त्या आवाजात एकही सीन झाला नाही.

८ मार्च

सुतार भेटला. म्हणाला, तुमच्याकडची पेटी थेट केनेसाहेबांच्या बंगल्यावर गेली.

म्हणजे केनेकडेही विधवा मरणार. सापडला चोर! तोचीला सगळ्यांदेखत हाकललं. काकुळतीला आला बिचारा — बिचारा कसला! म्हणे, "ओगा, या भागात भाड्याची पेटी ती एकच. सगळेच नेतात." मी ऐकून घेतलं नाही. पहिल्या कॅसेटपासून माझ्याबरोबर होता. जाताना कॅमेऱ्याची काच पुसून ठेवली त्याने. त्याचाच जास्त राग आला.

९ मार्च

उझोमाशीही कामापुरतंच बोलतो. कुणाचा भरवसा धरायचा?

१५ मार्च

केनेचा सिनेमा यूट्यूबवर आला. बायको म्हणाली, उगाच डोक्याला त्रास, बघू नका. बघितला.

पेटी पहिल्याच सीनला आहे, नवऱ्याच्या अंत्यविधीत! विधवा मरत नाही. घरही पेटत नाही. शेवटी पोरं झोपलेली असतात. ती मेलेल्या नवऱ्याचे बूट पायात घालते आणि उजाडायच्या आधी अंगणात जड पावलं टाकत फिरते. पुरुषासारखी खाकरते. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटावं, घरात बाप्या माणूस आहे.

माझा शेवट! हुबेहूब! तोचीला ठाऊक नाही, उझोमाला नाही, बायकोला नाही. मग फोडला कुणी?

तोचीला फोन केला. उचलत नाही.

१६ मार्च

कुणीच नाही फोडला. तो शेवट मी रचलेलाच नाही. बाबा गेल्यावर आई रोज पहाटे त्यांचे बूट घालून अंगणात फिरायची. मी पांघरुणातून बघायचो. केने शेजारीच असायचा. मला वाटायचं, तो झोपलाय.