परवा दिलेले गुलाबी गोळे

आई,

देवळातून आलात की चपला काढायच्या आधी भक्तीवन्संना फोन लावा. मी तीनदा लावला, कोणी उचलत नाही, म्हणून स्कूटर घेऊन निजामपुऱ्याला त्यांच्या सासरी निघालेय. तिथे त्यांच्या तान्हीला, तुमच्या नातीला, मालिशवाली दहाला न्हाऊ घालते. मी परवा दिलेला, पाण्यात फसफसणारा आंघोळीचा गोळा टाकू नका, एवढंच सांगा.

गोळ्यांतला सोडा आणि आपण खमण आंबट करायला घालतो ती लिंबूफुलं बरोबर होती. घोळ तेलात झाला. बदामतेलाच्या बाटलीत तुम्ही गुडघ्यांसाठी लवंगतेल मिसळून ठेवलं होतं, वर काही लिहिलेलं नव्हतं. आज मी स्वतःच्या बादलीत एक गोळा टाकला, तर पाठ भाजल्यासारखी लाल झाली. उरलेल्यांचा डबा माळ्यावर ठेवलाय. कृपा करून काढू नका.

"सगळं घरचं आहे, बाळालाही चालेल," असं वन्संना मीच म्हणाले होते.

बाटलीचा दोष स्वतःकडे घेऊ नका. गोळे वळताना लवंगेचा वास मला आला होता. सगळं सामान फुकट घालवशील, असं तुम्ही आधीच म्हणाला होतात, ते खरं ठरू नये म्हणून मी थांबले नाही.

यशश्री