आप्पांनी मारलेली गाठ

वडगाव, मंगळवार, दिवेलागण

आज देवापुढं दिवा लावायचाच नाही, असं ठरवलं होतं. आप्पा मला, पोटच्या लेकीला, विसरल्यापासून हात जोडताना रागच येतो. तेवढ्यात हातमागावर विणताना धागा तुटला. तुटका धागा तसाच ठेवून दिवा लावायचा नाही, ही आप्पांचीच शिस्त. म्हणून मुद्दाम सोडून दिला.

आप्पा खाटेवरून उठले. धागा चाचपला, गाठ मारली. अचूक! मागाला हात लावून कपाळाला लावला. सगळं विसरल्यावरही आत कोण जागं असतं?

मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तू कुणाची गं? दिवा लाव की, अंधार पडला."

"तुमचीच," म्हटलं, आणि काडी ओढली.

ती गाठ दोनदा ओढून बघितली. सुटत नाही.